बॅककंट्री स्कीइंग आणि हिमस्खलनाचं प्रशिक्षण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर उजाडला की आमच्याकडे हे प्रश्न यायला लागतात. बहुतेक पुणे-मुंबई-नाशिकच्या ट्रेकर मंडळींचे असतात. एकदा गुलमर्गला जाऊन स्कीची चव घेतलेली असते आणि आता राखलेल्या पट्ट्याबाहेरच्या, म्हणजे बॅककंट्रीतल्या, पावडरवर (ताज्या भुसभुशीत बर्फावर) डोळा असतो. काही डेन्व्हर, सिएटल, व्हँकुव्हरमधल्या मराठी पोरांचेही असतात. तेच तेच प्रश्न एकत्र करून इथे उत्तरं दिली आहेत. एका उत्तरात दुसऱ्याचा संबंध आला तिथे प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

१. हिमस्खलन म्हणजे दरड कोसळण्यासारखंच ना?

वरून खाली येतं आणि खालचा माणूस गाडला जातो, इतकंच साम्य. दरड बहुधा पावसाने सुटते, आपण फक्त चुकीच्या जागी असतो. स्कीअर मात्र ज्या हिमस्खलनात सापडतो, ते दहापैकी नऊ वेळा त्याने स्वतः किंवा त्याच्या सोबत्याने सुरू केलेलं असतं.

सगळ्यात घातक प्रकार लादीचा. वाऱ्याने दाबून घट्ट झालेला बर्फाचा थर वर, त्याखाली दाणेदार सुटा थर. कोरडा साबुदाणा परातीत पसरा, त्यावर फरशी ठेवा आणि परात तिरकी करा. फरशी बराच वेळ जागची हलत नाही. मग एका कोपऱ्यावर बोट टेकवलं की सगळीच्या सगळी सुटते. स्कीअर म्हणजे ते बोट. लादी तुटते ती बऱ्याचदा तुमच्या डोक्याच्या वर, म्हणजे तुम्ही तुटलेल्या तुकड्यावरच उभे असता.

२. गुलमर्गला गोंडोलाने (रोपवेने) वर गेलो आणि स्की करत खाली आलो, तर ते बॅककंट्री धरायचं का?

कुठून खाली आलात त्यावर आहे. गोंडोलाचा दुसरा टप्पा कोंगडोरी या मधल्या स्टेशनाहून अफरवट डोंगराच्या खांद्यावर, जवळपास ३,९५० मीटरवर सोडतो. गोंडोलाच्या समोरचा मुख्य खोलगा स्की पेट्रोल, म्हणजे तिथलं सुरक्षा पथक, सांभाळतं, गरज पडल्यास स्फोट करून धोक्याचा बर्फ आधीच पाडतं. त्याच स्टेशनातून बाहेर पडून डावी-उजवीकडे धारेवरून दहा मिनिटं चाललात, की तुम्ही बॅककंट्रीत आलात. तिथे कोणी बर्फ पाडलेला नसतो, कोणी पाहिलेलाही नसतो. तिकीट तेच असतं, म्हणून लोकांची गफलत होते.

१ फेब्रुवारी २०२३ ला गुलमर्गच्याच हापतखूडच्या बाजूला दोन पोलिश स्कीअर मेले. २२ फेब्रुवारी २०२४ ला एक रशियन स्कीअर मेला. दोन्ही अपघात सांभाळलेल्या पट्ट्याबाहेरचे.

३. आम्ही स्की करत नाही, हिवाळी ट्रेक करतो. आम्हाला हे सगळं कशाला?

बर्फाला तुमच्या पायात काय आहे ते कळत नाही. ४ एप्रिल २०२३ ला सिक्कीममध्ये नथू ला कडे जाणाऱ्या रस्त्यालगत सात जण मेले. ते साधे पर्यटक होते, गाडीतून उतरून बर्फात खेळायला गेलेले. तुमच्या वर तीव्र उतार असेल तर तुम्ही सपाटीवर असूनही त्याच्या टप्प्यात असता (प्रश्न ८ आणि १७ पाहा). जंगलातून जाणाऱ्या नेहमीच्या हिवाळी ट्रेकला तीन दिवसांचा कोर्स केलाच पाहिजे असं मी म्हणणार नाही. पण ट्रेकच्या आयोजकाला एक प्रश्न जरूर विचारा, “ताजा बर्फ पडला तर शिखराचा दिवस कोण रद्द करणार आणि कशावरून?” उत्तर देताना समोरचा चाचरला, तर तेच उत्तर समजा.

४. कोर्समध्ये नक्की शिकवतात काय? तीन दिवस बर्फ खणायचा?

खणणंही असतं. पण निम्म्याहून जास्त वेळ ठरवण्यात जातो, आज कुठे जायचं, कुठे नाही, आणि ठरवलेलं वर गेल्यावर मोडायचं कसं नाही. सकाळी नकाशा, हवामान आणि बुलेटिन (हिमस्खलनाच्या धोक्याचा इशारा) मांडून बसायचं. वाटेतला प्रत्येक उतार किती अंशाचा, कोणत्या दिशेला, त्याखाली काय आहे ते पाहायचं. वर गेल्यावर डोळ्यांना दिसतंय ते सकाळच्या अंदाजाशी जुळतं का बघायचं. एकेकाने उतार ओलांडायचा, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून त्याच्यावर नजर ठेवायची. संध्याकाळी परत बसून कबूल करायचं की कुठे नशिबाने वाचलो. मला सगळ्यात अवघड ते शेवटचं गेलं.

त्याशिवाय बीकनने (अंगावर बांधायचं, सिग्नल पाठवणारं आणि पकडणारं यंत्र) शोध, प्रोब (बर्फात खुपसून बघायची लांब सळई), खणणं. हे हाताला सवय होईपर्यंत घोटून घेतात. तरी हा भाग चूक झाल्यानंतरचा आहे. कोर्सला येणाऱ्यांपैकी बरेच जण “गाडलेल्याला काढायला शिकायचंय” म्हणून येतात. शिकवणाऱ्यांचा सगळा आटापिटा मात्र कोणी गाडलंच जाऊ नये यासाठी चाललेला असतो.

५. भारतात असा कोर्स कुठे होतो? माझं बेसिक माउंटेनिअरिंग झालंय, ते चालेल?

बेसिक कोर्स उत्तम आहे, पण त्याचा विषय वेगळा. दार्जिलिंगची एचएमआय, उत्तरकाशीची निम, मनालीची अटल बिहारी वाजपेयी संस्था, पहलगामची जवाहर संस्था, या सगळ्या पर्वतारोहण शिकवणाऱ्या संस्था. इथल्या चार आठवड्यांच्या कोर्सात दोर, हिमनदी, आईस-अ‍ॅक्स, शिस्त असं सगळं येतं. हिमस्खलन त्यातला एक धडा असतो. स्कीइंग शिकायचं तर गुलमर्गमध्ये केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची भारतीय स्कीइंग व पर्वतारोहण संस्था आहे, औलीत गढवाल मंडल विकास निगमचे कोर्स होतात. तिथे भर वळणं शिकण्यावर असतो.

नुसत्या हिमस्खलनावरचे दोन-तीन दिवसांचे कोर्स हंगामात गुलमर्गमध्ये खाजगी गाईड-कंपन्या भरवतात. जाहिरातीपेक्षा तीन गोष्टी विचारा. शिकवणाऱ्याकडे कोणत्या देशाचं, कोणत्या पातळीचं प्रमाणपत्र आहे? एका प्रशिक्षकामागे किती जण (सहाच्या वर नको)? एकूण दिवसांपैकी बर्फावर किती? तिन्ही दिवस हॉटेलच्या हॉलमध्ये प्रेझेंटेशन असेल तर पैसे वाचवा.

६. मी कोलोरॅडोत असतो, बहीण व्हँकुव्हरला. आम्ही कोणता कोर्स करायचा?

अमेरिकेत पहिल्या पातळीचा कोर्स, उदाहरणार्थ एआयएआरई या हिमस्खलनाचं शिक्षण देणाऱ्या संस्थेचा, तीन दिवसांचा आणि साधारण २४ तासांचा. त्यांचा बचावाचा एक दिवसाचा कोर्स वेगळा असतो आणि तो पहिल्या कोर्सात आपोआप येतो असं धरू नका. कॅनडात अ‍ॅव्हलांच कॅनडाचा एएसटी-१ किमान दोन दिवसांचा, एएसटी-२ किमान चार. दोन्ही देशांत बुलेटिन रोज आणि पर्वतरांगेनुसार निघतं, त्यामुळे शिकलेलं लगेच वापरता येतं. भारतात येऊन इथे स्की करणार असाल तर इतकं तपशिलाचं बुलेटिन मिळणार नाही, हे लक्षात ठेवून या (प्रश्न ९).

७. मला स्की अजून धड येत नाही. कोर्स आधी करू की स्की आधी शिकू?

स्की आधी. अनोळखी बर्फात, पाठीवर पिशवी घेऊन, न पडता थांबता आणि वळता यायला हवं. नाहीतर कोर्सचे तीन दिवस तुम्ही स्वतःला सावरण्यात घालवाल. सतत पडणारा माणूस उतारावर जास्त वेळ राहतो, जास्त जोर देतो आणि बाकीच्यांना नको त्या जागी उभं ठेवतो. वर्गातला भाग मात्र आधी वाचून-ऐकून ठेवायला काहीच हरकत नाही.

८. किती अंशाचा उतार धोक्याचा?

लादीची बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात, त्यातही अडतीसच्या आसपास जास्त. सह्याद्रीत हिंडणाऱ्याला हा उतार पायांनी ओळखीचा आहे. सुटा घसारा जिथे जेमतेम अंग धरून असतो, तो साधारण हाच. अडचण अशी की स्कीला सगळ्यात मजाही याच उतारावर येते.

डोळ्यांनी अंदाज करू नका. कोर्सच्या पहिल्या सकाळी आम्हा आठ जणांना एक उतार दाखवून अंश लिहायला सांगितले. चिठ्ठ्यांत २५ पासून ४५ पर्यंत सगळं निघालं. उतार होता ३४. कंपासमधला उतारमापक किंवा मोबाईलमधलं अ‍ॅप स्कीच्या काठीवर ठेवून मोजा. आणि तुम्ही उभे आहात तेवढाच उतार मोजून थांबू नका, त्याच्या वर काय जोडलेलं आहे तेही बघा. पंचवीस अंशांवर उभं राहून वरचा चाळीस अंशांचा उतार अंगावर घेता येतो.

९. बुलेटिनमध्ये “दोन नंबर” असेल तर जायला हरकत नाही ना?

पाच पातळ्यांची मोजपट्टी आहे. एक म्हणजे कमी, पाच म्हणजे अतितीव्र. “पाचपैकी तीन म्हणजे मधलं, म्हणजे चालतंय” असा हिशेब लोक करतात आणि तिथेच फसतात. चार-पाचला शहाणी माणसं घरी बसतात. युरोप-अमेरिकेत सगळ्यात जास्त मृत्यू तीनच्या दिवशी होतात, दोनच्या दिवशीही होतात. आकड्यापेक्षा खालचा मजकूर वाचा, कोणत्या उंचीवर, कोणत्या दिशेच्या उतारावर, कोणत्या प्रकारचा धोका.

आपल्याकडे हे काम डीआरडीओची डीजीआरई करते. १९६९ साली मनालीत सुरू झालेली सासे ही बर्फ आणि हिमस्खलनाचा अभ्यास करणारी संस्था २०२० मध्ये तिच्यात विलीन झाली. त्यांचा इशारा बातम्यांत येतो तो “अमुक जिल्ह्यात २,४०० मीटरच्या वर मध्यम धोका” अशा भाषेत. तो रस्ते, गावं आणि लष्करी तळांसाठी उपयोगी. गुलमर्ग ज्यात येतं त्या बारामुल्ला जिल्ह्याचा इशारा वाचून अफरवटच्या अमुक घळीत उतरायचं की नाही ते ठरत नाही. गुलमर्गमध्ये स्की पेट्रोलचा फलक आणि स्थानिक गाईड यांच्याकडून पुढचं घ्यायचं.

स्वतःच्या डोळ्या-कानांनी घ्यायच्या खुणा वेगळ्या. आसपास ताजं हिमस्खलन. गेल्या दिवसभरात ३० सेंटीमीटरच्या वर बर्फ. धारेवरून उडणारा बर्फाचा फुफाटा. एकदम चढलेलं ऊन. स्कीच्या टोकापासून पळत जाणारी भेग. आणि तो आवाज. अफरवटच्या खांद्याकडे जाताना मी तो पहिल्यांदा ऐकला. जड गादी गच्चीवरून अंगणात टाकावी तसा धप्प, आणि पायाखालचं सगळं मैदान बोटभर खाली बसलं. उतार अगदी कमी होता म्हणून काही सुटलं नाही. पुढे चाललेला गाईड एक शब्दही न बोलता वळला आणि आमच्या अंगावरून मागे चालू लागला. दुपारी चहा घेताना इतकंच म्हणाला, “पहाड बोलतो तेव्हा आपण बोलायचं नसतं.”

१०. जानेवारीत बर्फ कमी पडला तर धोकाही कमी, बरोबर?

उलटही असू शकतं. चिल्लई कलान, म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस, कडाक्याच्या थंडीचे. त्या काळात बर्फ पातळ असेल तर खालची जमीन त्यामानाने उबदार आणि वरची हवा गोठलेली, अशी ओढ बर्फाच्या थरातून सतत चालू राहते. त्यात बर्फाच्या कणांची चिकटण्याची ताकद जाते आणि साखरेसारखे सुटे दाणे तयार होतात. मग पश्चिमी झंझावात आला की त्या दाण्यांवर दोन-तीन फुटांची लादी बसते. २०२४ चा जानेवारी गुलमर्गमध्ये जवळपास कोरडा गेला होता, फोटोत मैदानं तपकिरी दिसत होती. बर्फ महिनाअखेरीस आणि फेब्रुवारीत आला. प्रश्न २ मधली २२ फेब्रुवारीची घटना त्याच हंगामातली.

उत्तरेकडे तोंड असलेल्या सावलीच्या उतारांवर हा दाणेदार थर आठवडेच्या आठवडे टिकतो. पावडरही तिथेच टिकते, हे वेगळं सांगायला नको.

११. खड्डा खणून टेस्ट केली आणि बर्फ सुटला नाही. मग जाऊ का?

टेस्टने “नको” म्हटलं तर ऐका. “हो” म्हटलं तर विश्वास ठेवू नका. तीस सेंटीमीटर चौरस खांब कापून त्यावर फावडं ठेवायचं, दहा टिचक्या मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून, हे कोर्समध्ये करून घेतात आणि थर कसा सटकतो ते बघायला मजाही येते. पण तो खड्डा त्या एका जागेचा. वीस पावलांवर लादी पातळ असेल तर निकाल बदलतो.

१२. बीकन, प्रोब, फावडं, तिन्ही घ्यायलाच हवं? भाड्याने मिळतं का?

प्रत्येकाकडे तिन्ही. बीकन जवळ आणतो, प्रोब नेमकी जागा दाखवतो, फावडं बाहेर काढतं. एक नसेल तर उरलेली दोन ओझं. थांबलेलं हिमस्खलन सिमेंटसारखं घट्ट होतं, हाताने किंवा स्कीने ते खणता येत नाही. फावडं धातूचंच घ्या.

नवा संच चाळीस हजारांच्या आसपास जातो. गुलमर्गमध्ये भाड्याने मिळतो, पण दुकानातच चालू करून बघा. मला एकदा मिळालेल्या बीकनमध्ये सेलच्या टोकांवर हिरवट बुरशी चढली होती. पडद्यावर बॅटरी भरलेली दिसत होती आणि हलवलं की बंद पडत होता. सेल कंपनीने सांगितलेल्या प्रकारचेच घाला, रिचार्जेबल उगाच घालू नका. बीकन पट्ट्याने अंगावर, जॅकेटच्या आत. सकाळी निघताना चालू करायचा, संध्याकाळी खोलीवर आल्यावर बंद. निघताना एकाने पुढे उभं राहून प्रत्येकाचा बीकन पाठवतोय आणि ऐकतोय ना हे तपासायचं. एक मिनिट लागतं.

१३. जॅकेटवर रेको लिहिलंय. बीकन नको ना मग?

हवाच. रेको ही नुसती परावर्तक पट्टी आहे, ती शोधायचं यंत्र बचाव पथकाकडे असतं. पथक पोचेपर्यंत काय होतं ते पुढच्या उत्तरात आहे.

१४. गाडल्यावर माणूस किती वेळ जगतो?

स्वित्झर्लंडमधल्या १९८१ ते २०२० च्या अपघातांचा अभ्यास सांगतो, पूर्ण गाडलेल्यांपैकी दहा मिनिटांच्या आत बाहेर आलेले नव्वद टक्क्यांहून जास्त वाचले. अर्ध्या तासापर्यंत हा आकडा तीसच्या आसपास येतो. बर्फात हवा असते, पण श्वासाच्या वाफेने तोंडासमोर बर्फाचं कवच जमतं आणि माणूस स्वतःच सोडलेला श्वास परत घेत राहतो. काही जण आपटूनच मरतात. कॅनडातल्या अभ्यासात तो हिस्सा जवळपास चौथा आहे. त्यांना कोणतंच यंत्र वाचवत नाही.

दहा मिनिटांत हेलिकॉप्टर कुठेच येत नाही, आल्प्समध्येही नाही. म्हणजे तुमचं बचाव पथक सोबतचे तीन-चार जणच. म्हणून मित्रांना कोर्स करायला लावा. तुम्ही एकट्याने शिकलात तर तुमच्या शिक्षणाचा फायदा त्यांना होतो, तुम्हाला नाही.

१५. प्रत्यक्ष शोध कसा घेतात?

आधी थांबा. दुसरं हिमस्खलन येण्याची शक्यता बघा, मोजणी करा, माणूस शेवटचा कुठे दिसला ती जागा डोक्यात पक्की करा. मग सगळ्यांनी बीकन शोध-मोडवर. आमच्या सरावात एक जण हे विसरला. पुरलेली पिशवी सोडून आम्ही तिघे पाच मिनिटं त्याच्याच मागे फिरत होतो आणि तो बिचारा आमच्यापासून लांब पळत होता.

सिग्नल मिळेपर्यंत साधारण ४० मीटरच्या पट्ट्यांनी भरभर, वरवरही नजर ठेवत. हातमोजा, काठी, बूट काहीही दिसलं तर ओढून बघा. सिग्नल मिळाला की बाण सरळ नेत नाही, वळणावळणाने नेतो, त्याच्याशी भांडू नका. पडद्यावरचा अंतराचा आकडा तीनच्या आत आला की गुडघ्यावर, बीकन बर्फाला टेकवून, हळू, न फिरवता आधी उभी आणि मग आडवी रेघ. सगळ्यात लहान आकड्याच्या जागी प्रोब. बर्फाच्या पृष्ठभागाला काटकोनात, मग पंचवीस-पंचवीस सेंटीमीटरवर गोलाकार वाढवत. जमीन लागली तर टण्ण लागते. माणूस लागला तर गादीत बोट रुतल्यासारखं वाटतं. एकदा लागलं की प्रोब उपसायचा नाही.

प्रोबवरची खोली वाचा. प्रोबच्या शेजारी नाही, त्याच्या उताराच्या खालच्या बाजूला, खोलीच्या दीडपट अंतरावरून खणायला सुरुवात करा. एक जण पुढे कापतो, मागचे बर्फ वल्ह्यासारखा मागे सारतात, मिनिटाभराने पुढचा मागे. एक मीटर खोल माणूस काढायला टनभर बर्फ हलवावा लागतो, म्हणून शोधापेक्षा जास्त वेळ खणण्यातच जातो. सरावात लोक नेमकं तेच टाळतात, कारण घाम निघतो. तोंड आधी मोकळं करा. श्वास नसेल तर छाती दाबण्याबरोबर तोंडाने श्वासही द्या, इथे माणूस हवेवाचून गेलेला असतो.

१६. मोबाईल, गोप्रो, गरम होणारे हातमोजे बीकनला अडथळा करतात का?

करतात. बीकन ४५७ किलोहर्ट्झवर चालतो आणि जवळच्या विजेच्या उपकरणांनी आकडे उड्या मारतात, भलतेच सिग्नल दिसतात. पाठवताना ही उपकरणं बीकनपासून किमान २० सेंटीमीटर, शोधताना किमान ५० सेंटीमीटर लांब हवीत. सोपा उपाय असा की मोबाईल मांडीच्या खिशात आणि शोध सुरू झाला की शोधणाऱ्याने तो बंदच करायचा. चुंबकाच्या बटणांचे खिसेही बीकनजवळ नकोत.

१७. झाडीत किंवा खालच्या सपाटीवर तर सुरक्षित ना?

झाडी इतकी दाट असेल की तिथून स्की करता येत नाही, तर बऱ्यापैकी. स्की करण्याजोग्या विरळ झाडीतून हिमस्खलन आरामात जातं, उलट झाडावर आपटायची भर. झाडाच्या चढाकडच्या बाजूच्या फांद्या मोडलेल्या आणि उताराकडच्या शाबूत दिसल्या, तर ती त्याची नेहमीची वाट आहे.

सपाटीला वरचा उतार चिकटलेला असतो, हे प्रश्न ८ मध्ये आलंय. सगळ्यात वाईट जागा म्हणजे अरुंद घळ आणि नाल्याचं पात्र. छोटंसं हिमस्खलनही तिथे येऊन साचतं आणि एरवी गुडघाभर गाडला गेला असता तो माणूस तीन मीटर खाली जातो.

१८. गाईड घेतला की हे सगळं त्याच्यावर सोडता येईल?

बरंचसं. सगळं नाही. तो गाडला गेला तर त्याला कोण काढणार? शिवाय गाईडवर गिऱ्हाइकाचा दाब असतो. “इतक्या लांबून आलोय, उद्या परतीचं विमान आहे, एक तरी पावडर रन द्या” हे वाक्य मी आमच्याच लोकांच्या तोंडून मराठीतही ऐकलंय आणि हिंदीतही. चांगला गाईड नाही म्हणतो. चांगल्या गिऱ्हाइकाने त्याला तसं म्हणायची पाळी आणू नये. परतीच्या तिकिटाला एक-दोन दिवसांची ढील ठेवा, ती कोणत्याही उपकरणापेक्षा स्वस्त पडते.

दुसरा सापळा म्हणजे आधीच्यांचे ट्रॅक. उतारावर चार जणांच्या रेघा दिसल्या की वाटतं, पक्का आहे. पाचव्याचा भार लादीच्या पातळ जागेवर पडला की त्या चौघांचा पुरावा काही कामाचा नसतो.

१९. स्नोबोर्डवाल्यांना वेगळं काही?

अभ्यासक्रम तोच. फरक इतके. दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले, त्यामुळे हिमस्खलनात ती नांगरासारखी खाली ओढते आणि वाहताना ती काढता येत नाही. सपाट ओलांडताना तुम्ही थांबता, आणि थांबायची जागा बऱ्याचदा नेमकी वाईट असते, म्हणून वाट ठरवताना तसं आधीच सांगा. स्प्लिटबोर्ड (चढताना दोन भाग करता येणारी फळी) जोडायला-सोडायला वेळ लागतो, तो उद्योग उताराखाली करू नका. काठ्या जवळ ठेवा.

२०. एअरबॅग (दोरी ओढली की फुगणारी पाठपिशवी) घेतली तर किती फरक पडतो? विमानात नेता येते का?

फरक पडतो. गंभीर सापडलेल्यांच्या एका मोठ्या अभ्यासात बॅग न फुगलेल्यांपैकी २२ टक्के मेले, फुगलेल्यांपैकी ११. त्याच अभ्यासात पाचांतल्या एकाची बॅग उघडलीच नाही, बहुतेक वेळा त्यानेच दोरी ओढली नव्हती. झाडं, कातळ आणि घळ असेल तिथे तिचा उपयोग कमी.

गॅसच्या नळकांड्याची एक हिमस्खलन-पिशवी विमान कंपनीच्या परवानगीने नेता येते असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. आपल्याकडच्या सुरक्षा तपासणीत तो नियम समोरच्याला माहीत असेलच असं नाही. कंपनीकडून लेखी परवानगी घ्या, कागद छापून हातात ठेवा. पंख्यावर चालणाऱ्या बॅगेत हा नळकांड्याचा प्रश्न येत नाही, बॅटरीचे नियम तेवढे बघा.

२१. अमेरिकेतून येताना गार्मिनचं सॅटेलाइट उपकरण आणू का? तिथे तर सगळे वापरतात.

आणू नका. भारतात परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन आणि असे संदेश पाठवणारी उपकरणं बेकायदेशीर आहेत. २०२४ च्या डिसेंबरात गोव्याच्या दाबोळी विमानतळावर एका कॅनेडियन धावपटूला याच कारणाने ताब्यात घेतलं होतं. हिमस्खलनाचा बीकन यात येत नाही, त्याचा उपग्रहाशी संबंध नाही, पल्ला फार तर काही डझन मीटरचा. आणखी एक, बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. पोस्टपेड न्या. स्की पेट्रोल आणि हॉटेल यांचे नंबर निघायच्या आधी फोनमध्ये घाला आणि कागदावरही.

२२. मी स्वतःच सापडलो तर काय करायचं?

ओरडा, म्हणजे बाकीचे तुमच्याकडे बघतील. सुटलेल्या लादीवरून तिरके बाहेर निसटता आलं तर पहिल्या दोन-तीन सेकंदांतच. एअरबॅग असेल तर ओढा. काठ्या सोडा. काठ्यांचे पट्टे मनगटात अडकवायचेच नसतात. वेग कमी व्हायला लागला की हात तोंडासमोर आणा, जागा करा. एकदा थांबलं की बोटही हलत नाही. त्यानंतरचं सगळं प्रश्न १५ वाल्यांच्या हातात.

२३. २०२२ मध्ये तर प्रशिक्षणाला गेलेली तुकडीच गाडली गेली. मग शिकून काय उपयोग?

हा प्रश्न दर वर्षी येतो, आणि टोमणा म्हणून विचारला तरी तो खरा आहे. ४ ऑक्टोबर २०२२ ला द्रौपदी का डांडा-२ वर निमच्या तुकडीवर हिमस्खलन आलं. त्या वेळी २७ मृतदेह सापडले, दोघे बेपत्ता राहिले. त्यात प्रशिक्षक सविता कंसवालही होती. त्याच वर्षी मे महिन्यात सोळा दिवसांत एव्हरेस्ट आणि मकालू चढलेली. म्हणजे अनुभव कमी पडला असं म्हणायची सोय नाही.

अनुभवाची गंमत अशी आहे की चुकीचा निर्णय घेऊनही डोंगर बहुतेक वेळा शिक्षा देत नाही. शंभर वेळा उतार सुटला नाही, तर माणसाला वाटतं आपल्याला कळतं. म्हणून चांगल्या कोर्समध्ये प्रश्न ४ मधली संध्याकाळची बैठक असते. धोका शून्य होईल असं कोणी सांगत असेल तर तो कोर्स करू नका.

२४. कोर्स किती दिवस पुरतो? पुण्यात बर्फाशिवाय सराव कसा करायचा?

प्रमाणपत्राला मुदत नसली तरी हाताला असते. बीकनने शोधायचा वेग एका उन्हाळ्यात बराच कमी होतो. हंगामाआधी एक पूर्ण दिवस सराव, आणि दोन-तीन वर्षांनी बचावाचा कोर्स परत.

आम्ही नोव्हेंबरात वेताळ टेकडीवर जातो. एक जण चालू बीकन प्लास्टिकच्या डब्यात घालून वाळक्या गवतात लपवतो, दुसरा घड्याळ लावतो. विजेच्या तारांपासून लांबची जागा निवडायची, नाहीतर आकडे नाचतात. जमिनीत प्रोब जात नाही, म्हणून डब्यावर जुनी गादी टाकतो आणि टोचून बघतो. खणायचा सराव नदीकाठच्या वाळूत. मागच्या खेपेला फिरायला आलेल्या एका आजोबांनी बराच वेळ बघून विचारलं, “काय हरवलंय?” मित्र म्हणाला, “काका, हा हरवलाय,” आणि माझ्याकडे बोट केलं. आजोबांनी घड्याळ बघितलं. आमची साडेचार मिनिटं झाली होती आणि डबा अजून सापडला नव्हता.